छातीतले दुखणे गॅसचेच असते का?

"डॉक्टर, गॅस झालाय, एखादी गोळी द्या," असे म्हणत चाळिशीतले गृहस्थ दवाखान्यात येतात. काहींचा ई.सी.जी. मात्र वेगळेच सांगतो. भारतात १९९० साली दर १०० मृत्यूंपैकी सुमारे १५ हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होत. २०१६ साली ते २८ झाले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतील 'इंटरहार्ट' पाहणीत दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी, तर इतरांना ५९व्या वर्षी आलेला दिसला.

कारणे? तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, सुटलेले पोट, मानसिक ताण, व्यायामाचा आणि भाजी-फळांचा अभाव. पहाटेची लोकल धरून रात्री पनवेलला परतणाऱ्याच्या वाट्याला यांतील बरीचशी येतात. घरातील मिश्रीही तंबाखूच, हे भगिनींनी विसरू नये.

तिशीनंतर दरवर्षी रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासावे. कंबर पुरुषांची ९० सें.मी.च्या, स्त्रियांची ८० सें.मी.च्या आत असावी. रोज अर्धा तास भरभर चालावे.

आणि छातीत दडपण, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली, तर गोळी घेऊन वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि तडक रुग्णालय गाठा. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते.