पोलादाच्या पोटातील चीर

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरांवर, समुद्रकाठी, कल्पाक्कम हे अणुशक्तिकेंद्र वसलेले आहे. तेथील ५०० मेगावॉटच्या प्रजनक अणुभट्टीच्या रचनेत उष्णता वाहून नेण्याचे काम सोडियम हा वितळलेला धातू करतो. बाष्पजनकात नळ्यांच्या आतून पाणी, तर बाहेरून तप्त सोडियम वाहावयाचा असतो. दोहोंमध्ये अवघी दोन-अडीच मिलिमीटर जाडीची पोलादी भिंत! सोडियम व पाणी यांचे हाडवैर प्रसिद्धच आहे. नळीस बारीकशी चीर पडली, तरी पाण्याची वाफ सोडियममध्ये घुसून प्रखर उष्णता, हायड्रोजन वायू व दाहक सोडा निर्माण होतो आणि शेजारच्या नळ्याही झिजू लागतात.

प्रत्येक बाष्पजनकात अशा ५४७ नळ्या असून त्यांची दोन्ही टोके जाड पोलादी तबकड्यांस वितळजोडाने सांधलेली असतात. म्हणजे हजाराहून अधिक सांधे झाले. त्यांतील एकही सदोष राहून चालत नाही. मग न कापता, न फोडता पोलादाचे अंतरंग पाहावे कसे?

१८९५ साली राँटगेन यांनी शोधलेले क्ष-किरण येथे उपयोगी पडतात. चीर म्हणजे धातूचा अभाव. तेथून अधिक किरण पार जातात व धुतलेल्या फिल्मवर काळी रेघ उमटते. परंतु किरणांचे उगमस्थान मोठे असेल, तर ही रेघ पुसट होते. समईच्या एका वातीने पडणारी सावली रेखीव असते, पण सर्व वाती लावल्या की तिच्या कडा विरतात. तसेच हे आहे. म्हणून कल्पाक्कमच्या शास्त्रज्ञांनी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान उगमबिंदू असलेले उपकरण वापरले. त्याचे काठीसारखे बारीक धनाग्र नळीच्या आत सरकवितात व फिल्म सांध्याभोवती बाहेरून गुंडाळतात. किरण चोहोंकडे फाकून सांध्याचा संपूर्ण घेर एकाच वेळी चित्रित होतो.

तथापि क्ष-किरणांचीही मर्यादा आहे. किरणांच्या दिशेने गेलेली चीर स्पष्ट दिसते. त्यांना आडवी पसरलेली पातळ चीर मात्र बहुधा निसटते, कारण तेथे किरणांच्या वाटेतील धातू जवळजवळ तितकाच राहतो. अशा चिरांचा माग श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीने काढावा लागतो. यास्तव फिल्म निर्दोष आली एवढ्यावरच परीक्षक सांधा निर्दोष मानीत नाही. किरण कोणत्या दिशेने गेले, हेही तो पाहतो.