घरचे मूल ओळखताना

पेढीवर बसणाऱ्या आम्हां मंडळींस गिऱ्हाईक पारखण्याची सवय असते. घरच्या मुलाविषयी मात्र आमचा हिशेब चुकतो. घडीभर स्वस्थ न बसणाऱ्यास आम्ही उनाड म्हणतो, ठरलेला क्रम मोडताच आकांत करणाऱ्यास हट्टी, आणि खापर आईच्या माथी फोडतो. ही चूक वैद्यकानेही केली आहे. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन केले; पुढे कित्येक वर्षे मातेच्या मायेतील उणीव हेच तिचे कारण मानले गेले. ते मत आता त्याज्य ठरले आहे. स्वमग्नता काय किंवा एडीएचडी म्हणून ओळखली जाणारी अतिचंचलता व अवधानाची उणीव काय, त्यांचे मूळ मेंदूच्या घडणीतच असते. आनुवंशिकतेचा वाटा त्यांत मोठा. कित्येक मुलांत दोन्ही एकत्र आढळतात.

चंचल मुलास एका वेळी एकच काम सांगावे. स्वमग्न मुलास पाहुण्यांची, प्रवासाची कल्पना आधीपासून, शक्य तर चित्रे दाखवून द्यावी. एवढ्यानेही रोजचा कलह पुष्कळ निवळतो. बहिणीचे लग्न अडेल या भीतीने भावाचे निदान लपविणारी घरे आम्हांस ठाऊक आहेत. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. परंतु त्याचे प्रमाणपत्र हवे तर मुलाला तपासणीस न्यावेच लागते.