विरघळलं म्हणजे गेलं नाही



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचत, हप्ते सगळं झाल्यावर आम्ही एक प्रयोग केला. पाण्याचे चार ग्लास घेतले. एकात मीठ टाकलं, दुसऱ्यात साखर, तिसऱ्यात हळद, चौथ्यात गोडेतेल. ढवळून थोडा वेळ ठेवले. हळद बरीचशी तळाला बसली, तेल वर तरंगलं. मीठ-साखरेचे ग्लास मात्र साध्या पाण्यासारखेच दिसत होते. मग मिठाचं पाणी दुपदरी कापडातून गाळलं. एका ताईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "मॅडम, हे तर खारटच हाय की!"

त्या दिवशी वेळ कमी पडला. राहिलेलं इथे सांगते.

विरघळतं म्हणजे काय होतं?

मिठाचा खडा म्हणजे अतिशय बारीक कणांची घट्ट थप्पी. पाण्याचे कण त्या थप्पीतला एकेक कण ओढून काढतात, त्याला चहूबाजूंनी घेरतात आणि सगळीकडे पसरवतात. ते इतके बारीक असतात की कापडातून सहज निघून जातात. तेलाच्या कणांना पाणी असं धरू शकत नाही, म्हणून ते वेगळं राहतं.

गरम पाण्यात साखर जास्त मावते, म्हणून आपण पाक चुलीवर करतो. मिठाचं तसं नाही. पाणी थंड असो की उकळतं, एका लिटरमध्ये साधारण ३६० ते ३९० ग्रॅमच मीठ विरघळतं. बाकीचं तळाला राहतं.

आपल्या विहिरीत काय विरघळलंय?

आपल्या जालन्याच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. मुरणारं पाणी त्या खडकातले क्षार विरघळवून सोबत आणतं. म्हणून बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो. हा त्रास निदान दिसतो तरी.

न दिसणारा त्रास नायट्रेटचा. युरिया पाण्यात मिठापेक्षाही जास्त विरघळतो. पिकाला लागतो त्याहून जास्त टाकला, की जमिनीत त्याचं नायट्रेट होतं आणि पाण्याबरोबर विहिरीत उतरतं. विहिरीजवळ उकिरडा किंवा संडासाचा खड्डा असला तरी तेच. त्याला रंग नाही, वास नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं वरचं दूध अशा पाण्यात कालवलं, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडू शकतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

"आम्ही उकळून पितो" असं बऱ्याच ताई सांगतात. उकळल्याने जंतू मरतात, ते सोडू नका. पण नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट भांड्यातच राहतं. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेलं बसत नाही.

मग करायचं काय?

तपासायचं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या ५ महिलांना पाणी तपासणी किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, किट कुठे आहे, शेवटची तपासणी कधी झाली, हे ग्रामपंचायतीत विचारा. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्याच.

जुलाब झाल्यावर

इथेही हाच नियम. घरी जलसंजीवनी करताना एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजाने मूठभर टाकू नका. मीठ जास्त झालं तरी पाणी तसंच दिसतं, पण लेकराला अपाय होतो. तयार पुडी असेल तर पूर्ण पुडी, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. तयार पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर टाकून द्या. लेकरू सुस्त पडलं, पाणी पीत नसेल, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

हिशेबाच्या वहीत आपण डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, रुपया रुपया मोजून घेतो. पाण्याचंही तसंच करूया.

– तुमची क्षेत्र समन्वयक