क्षमा : ईश्वरावरील श्रद्धा की मनुष्याचा निर्णय?

क्षमा हे ईश्वरी कृपेचे दान की मनुष्याने केलेली निवड? उज्जैन महसूल विभागातील देवास जिल्ह्यात घडलेली एक घटना या प्रश्नावर प्रकाश टाकते. उदयनगर परिसरातील गरीब शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात समुंदरसिंग याने हत्या केली. त्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या मुदतपूर्व सुटकेला पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो मुक्त झाला.

शत्रूलाही क्षमा करावी, ही ख्रिस्ती शिकवण. गीतेनेही क्षमेची गणना दैवी संपत्तीत केली आहे. तरीही हत्या आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षे गेली. श्रद्धा वाट दाखवते, चालावे मात्र स्वतःलाच लागते. शिक्षा न्यायालयाने दिली, ती त्याने भोगली. भगिनीने सोडला तो द्वेष. तो सोडण्याचा आदेश कोणतेही न्यायालय वा धर्मपीठ देऊ शकत नाही. श्रद्धेने बळ दिले असेल. राखीची गाठ मात्र माणसाच्याच हातांनी बांधली.