ये दिल मांगे मोट!

ऑफिसचं ॲन्युअल हेल्थ चेकअप म्हणजे अर्ध्या दिवसाची फुकट सुट्टी, असं मला वाटायचं. वय वर्षं २८, जीन्सचा साइज कॉलेजपासून तोच, मग कसलं टेन्शन? पण डिसेंबरमध्ये रिपोर्ट आला आणि एलडीएल, म्हणजे ‘बॅड’ कोलेस्टेरॉलपुढे आकडा होता १५८! बाबांची ॲन्जिओप्लास्टी झाली तेव्हा ते जेमतेम पन्नाशीचे होते. त्यामुळे हे हसण्यावारी नेणं शक्यच नव्हतं. “तीन महिने खाणं सुधारा, रोज चाला, मग पुन्हा टेस्ट करू,” डॉक्टर म्हणाले.

सुट्टी टाकून मी आजीकडे गेले. वर्धेहून आर्वी रोडला लागलं की आमचं गाव, आंजी (मोठी). सेवाग्राम मेडिकल कॉलेजचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र इथेच आहे, भावी डॉक्टर इथे शिकायला येतात. माझा क्लास मात्र आजीच्या स्वयंपाकघरात भरला.

पहिल्या दिवशी वांगे-सोले, म्हणजे ओल्या तुरीचे दाणे घातलेली भाजी. दुसऱ्या दिवशी बरबटी, जिला पुण्या-मुंबईत चवळी म्हणतात. मग मोटाची उसळ, मोट म्हणजे मटकी. रात्री चून-भाकर.

“तिकडं काय खातं वं पोरी?” आजीने विचारलं. मी सांगितलं : सँडविच, नूडल्स, वीकेण्डला पिझ्झा.

“आन् दाणा काहून नाई खात?”

मी गप्प!

दाण्यात दडलंय काय?

कडधान्यांमध्ये विरघळणारा तंतू, म्हणजे सोल्युबल फायबर, भरपूर असतो. आतड्यात तो पित्ताला धरून बाहेर नेतो. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं आणि एलडीएल उतरतं. शिवाय यातलं पोटॅशियम ब्लडप्रेशरला मदत करतं, आणि पोट भरलेलं राहिल्यामुळे चार वाजता समोसा खुणावत नाही.

टोरांटोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ चाचण्या एकत्र तपासल्या. रोज साधारण १३० ग्रॅम, म्हणजे पाऊण कप शिजलेली कडधान्यं खाणाऱ्यांचं एलडीएल सुमारे ५ टक्क्यांनी घटलं होतं. २००१ च्या एका अमेरिकन अभ्यासात साडेनऊ हजारांवर लोकांवर १९ वर्षं लक्ष ठेवलं होतं. आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा कडधान्यं खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका, एकदाही न खाणाऱ्यांपेक्षा किंवा क्वचित खाणाऱ्यांपेक्षा, २२ टक्क्यांनी कमी दिसला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या ताटात रोज ८५ ग्रॅम (कच्च्या वजनाची) डाळ-कडधान्यं सुचवली आहेत. आपल्या डब्यातल्या पातळ वरणाने हा हिशेब जुळतो का, तुम्हीच बघा!

गंमत म्हणजे वर्ध्याला हा विषय नवा नाही. १९३५ मध्ये गांधीजींनी इथल्या मगनवाडीत सोयाबीन रोजच्या जेवणात आणण्याचा प्रयोग केला, ‘हरिजन’मध्ये त्याबद्दल लिहिलंही. आज जिल्ह्यात शेतंच्या शेतं सोयाबीनची, पण पीक जातं तेलाच्या कारखान्याकडे. ताटात ते क्वचितच!

मंडे टू फ्रायडे फंडा

- रविवारी दोन प्रकारची कडधान्यं भिजवा, मोड आणा, फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी फक्त फोडणी!
- गॅसेसची भीती वाटते? भिजवलेलं पाणी फेका, नीट शिजवा आणि प्रमाण हळूहळू वाढवा.
- राजमा अर्धाकच्चा अजिबात नको, तो बाधतो.
- तर्री-पोह्यातले हरभरे मस्त, वर तरंगणारं तेल नाही. पापड-लोणच्याचं मीठही मोजा.
- किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर उसळीच्या भरवशावर ती बंद करू नका.

मार्चमध्ये पुन्हा टेस्ट केली : १४१. सगळं श्रेय मोटाला देणार नाही, रोजचं चालणंही होतं आणि पिझ्झाही सुटला होता. पुढे गोळी लागेलही, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय. पण आकडा खाली आला, हे खरं.

आजीला फोन केला. ती म्हणाली, “बरं झालं. आता दाणा सोडू नको.”

तर दोस्तहो, उद्या डब्यात काय?