कंपायलर वॉर्निंग: दुर्लक्ष करायचं की गप्प करायचं?

सी किंवा सी++ मधला एखादा जुना प्रोजेक्ट बिल्ड करायला घेतला की स्क्रीनवरून वॉर्निंगच्या शेकडो ओळी सरकत जातात. शेवटी बिल्ड होतो, प्रोग्रामही चालतो. मग त्या ओळी वाचायच्या कशाला? बरेच जण वाचतच नाहीत. काही जणांना मात्र एकही वॉर्निंग सहन होत नाही. ते कोडमध्ये काहीतरी बदल करून ती ओळ घालवतात आणि पुढे जातात. या दोन्ही सवयी किती महागात पडू शकतात, हे आज दोन खऱ्या घटनांमधून समजून घेऊया.

एरर आणि वॉर्निंगमध्ये फरक काय?

एरर आली म्हणजे कोड भाषेच्या नियमात बसत नाही, त्यामुळे प्रोग्राम तयारच होत नाही. वॉर्निंगच्या वेळी कोड बहुधा नियमात बसतो, पण कंपायलरला शंका येते. थोडक्यात, तो विचारतो, ‘तुम्हाला खरंच हेच म्हणायचंय ना?’

उदाहरणार्थ, सी भाषेत बरोबरचं एक चिन्ह म्हणजे किंमत साठवणे आणि दोन चिन्हं म्हणजे तुलना. ‘इफ’च्या कंसात चुकून एकच चिन्ह पडलं तरी कोड वैध असतो, पण तुलना होतच नाही आणि व्हेरिएबलची किंमत बदलून जाते. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर इथे वॉर्निंग देऊ शकतात. तुम्ही मुद्दामच तसं लिहिलं असेल, तर त्याभोवती आणखी एक कंस घालायचा. तेच त्या प्रश्नाचं ‘हो’ असं उत्तर.

दुसरं उदाहरण याहून फसवं आहे. उणे 1 ही साधी पूर्णांक संख्या आणि 1 ही ‘अनसाइन्ड’ संख्या यांची तुलना केली, तर सी भाषेत उणे 1 मोठा ठरतो! कारण तुलनेआधी त्याचंही अनसाइन्डमध्ये रूपांतर होतं आणि 32 बिटांत तो 4,29,49,67,295 होऊन बसतो. हे नुसत्या डोळ्यांनी कोड वाचून लक्षात येणं कठीण. कंपायलरला मात्र ते लगेच दिसतं.

मग वैताग कशाचा येतो?

वैताग येतो तो खोट्या गजराचा. ‘हे व्हेरिएबल किंमत न देता वापरलं जाऊ शकतं’ अशी वॉर्निंग येते. आपण सगळे मार्ग तपासतो, तर तसं होणं शक्यच नसतं. कंपायलरची ऑप्टिमायझेशन पातळी बदलली की हीच वॉर्निंग कधी उगवते, कधी गायब होते. कंपायलरची नवी आवृत्ती घेतली की काल स्वच्छ असलेल्या कोडवर नव्या वॉर्निंग येतात. कधी त्या आपल्या कोडच्या नसतातच, बाहेरून घेतलेल्या लायब्ररीच्या असतात.

नावंही गोंधळात टाकणारी आहेत. जीसीसीमधल्या ‘डब्ल्यू-ऑल’ या पर्यायाच्या नावात ‘ऑल’ आहे, पण त्याने सगळ्या वॉर्निंग चालू होत नाहीत. वरच्या उणे 1 च्या तुलनेची वॉर्निंग सी++ मध्ये त्याने मिळते, पण सी मध्ये त्यासाठी ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ वेगळा द्यावा लागतो.

न विचारला गेलेला प्रश्न: ‘गोटू फेल’

21 फेब्रुवारी 2014 रोजी ॲपलने आयफोनसाठी आयओएस 7.0.6 हा तातडीचा अपडेट आणला. सुरक्षित कनेक्शन जोडताना सर्व्हरची सही तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली होती. पहिली ओळ ‘इफ’च्या अटीखाली होती. दुसरी समास सोडून लिहिल्यामुळे अटीखाली असल्यासारखी दिसत होती, पण प्रत्यक्षात ती कुठल्याच अटीत नव्हती. त्यामुळे पुढची सही तपासण्याची पायरी कधी चाललीच नाही, आणि फंक्शन ‘सगळं ठीक’ असं सांगून मोकळं व्हायचं. म्हणजे मध्ये बसलेल्या हल्लेखोराला खऱ्या सर्व्हरचं सोंग घेता येत होतं.

त्या ओळीनंतरचा कोड कधीच चालणार नाही, हे क्लँगला सांगता येत होतं. पण ती वॉर्निंग ‘डब्ल्यू-ऑल’मध्ये नाही, ती वेगळी मागावी लागते. पुढे 2016 मध्ये आलेल्या जीसीसी 6 मध्ये फसव्या समासाची नवी वॉर्निंग आली आणि ती मात्र ‘डब्ल्यू-ऑल’मध्येच ठेवली गेली.

घाईने मिटवलेला प्रश्न: डेबियन

ही घटना कंपायलरची नाही, व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या टूलची आहे. धडा मात्र तोच. ओपनएसएसएल या लायब्ररीत ‘किंमत न भरलेली मेमरी वापरली जातेय’ अशी तक्रार हे टूल करत होतं. ती थांबवण्यासाठी 2006 मध्ये डेबियनच्या पॅकेजमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळी बंद केल्या गेल्या. त्यातली एक काढली असती तरी बिघडलं नसतं. दुसऱ्या ओळीतून मात्र रँडम आकडे बनवायला लागणारी सगळी सामग्री आत जात होती.

तक्रार थांबली. पण आता यदृच्छेसाठी उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त 32,768 पर्यंत. म्हणजे ठराविक प्रकारच्या आणि लांबीच्या सगळ्या शक्य गुप्त किल्ल्या आधीच बनवून ठेवता येत होत्या. हे मे 2008 मध्ये उघड झालं आणि डेबियन, उबुंटू वापरणाऱ्यांना त्या काळात बनवलेल्या किल्ल्या फेकून नव्या कराव्या लागल्या.

सगळ्या वॉर्निंगची एररच केली तर?

‘डब्ल्यू-एरर’ हा पर्याय तेच करतो. सप्टेंबर 2021 मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी तो सरसकट चालू केला. पण वेगवेगळे प्रोसेसर, वेगवेगळे कंपायलर, त्यामुळे जागोजागी बिल्ड अडले. काही दिवसांतच तो मुख्यतः चाचणीच्या बिल्डपुरता ठेवावा लागला.

गो भाषेने वेगळाच मार्ग घेतला. तिच्या कंपायलरमध्ये वॉर्निंग हा प्रकारच नाही. न वापरलेलं लोकल व्हेरिएबल थेट एरर ठरतं.

मग करायचं काय?

- नवा प्रोजेक्ट असेल तर पहिल्या दिवसापासून ‘डब्ल्यू-ऑल’ आणि ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ चालू ठेवा. शून्य वॉर्निंगवर राहणं सोपं असतं, शून्यावर परत येणं अवघड.
- जुना प्रोजेक्ट असेल तर एका वेळी एकच प्रकार घ्या. तो साफ झाला की तेवढ्याच प्रकाराला एरर करा, म्हणजे तो परत शिरणार नाही.
- ‘डब्ल्यू-एरर’ टीमच्या स्वतःच्या चाचणी सर्व्हरवर ठेवा. इतरांना सोर्स कोड देताना काढा, नाहीतर त्यांच्या नव्या कंपायलरवर बिल्ड अडेल.
- बाहेरच्या लायब्ररीच्या हेडर फाइल ‘सिस्टिम हेडर’ म्हणून जोडा. मग त्यातल्या बहुतेक वॉर्निंग दिसत नाहीत.
- वॉर्निंग बंद करावीच लागली तर त्या एकाच ओळीपुरती करा आणि कारण कॉमेंटमध्ये लिहा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. वॉर्निंग बंद करायला हरकत नाही, पण आधी ती का आली हे दुसऱ्याला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर त्या ओळीला अजून हात लावू नका.