जागलीचा भोंगा आणि खिशातला मोबाइल

मुकुटबन-झरीच्या पट्ट्यात जंगलाला लागून असलेल्या वावरांत रानडुकरं आणि रोह्यांचा त्रास नवा नाही. पऱ्हाटी आणि तूर वाचवायला रात्रीची जागल विदर्भात पूर्वापार चालत आली आहे. अलीकडे तिच्या जोडीला बॅटरीवरचा भोंगा आला. हाळी नाहीतर कुत्र्याचं भुंकणं त्यात भरायचं, बटण दाबून भोंगा बल्लीला टांगायचा. तेच ते रात्रभर वाजत राहतं. मोबाइलही आवाज भरतो आणि वाजवतो. तरी शेतकरी भोंग्यासाठी वेगळे पैसे मोजतो, आणि त्याचा हिशेब बरोबर आहे. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. एवढ्याशा पडद्यानं हवा ढकलून ढकलून किती ढकलणार? त्यातून तो वावरात टांगून ठेवला, की घरचा फोन बंद, टॉर्च बंद, पैशांचे व्यवहारही बंद. सगळी कामं एकाच्याच गळ्यात असली, की तो कोणत्याच कामाला मोकळा सापडत नाही.

नोकियानं २००३ साली एन-गेज काढला, तेव्हा फोन, गाणी आणि खेळ एकाच डबीत होते. पण खेळाचं कार्ड बदलायचं तर आधी बॅटरी काढावी लागे, म्हणजे फोनच बंद. निव्वळ खेळासाठी बनलेल्या गेमबॉयपुढे तो टिकला नाही. यावर कुणी आयपॉडकडे बोट दाखवेल: २००१ साली आलेलं ते गाण्यांचं खास यंत्र मोबाइलनंच संपवलं आणि २०२२ मध्ये अ‍ॅपलनं ते बंद केलं. हे खरंच आहे. पण आयपॉडही खिशातच राहायचा, एकाच्याच कानात वाजायचा. त्या जागेवर मोबाइल जिंकणारच. घरातल्या फळीवर, देवळात, वावरात मात्र आवाज चारचौघांचा असतो आणि यंत्रानं जागेवर राहायचं असतं. सारेगामानं २०१७ मध्ये पाच हजार गाणी भरलेला ‘कारवां’ आणला, तेव्हा हीच गाणी यूट्यूबवर फुकट मिळत होती. तरी वयस्क मंडळींच्या घरी तो गेला, कारण तिथे शोधाशोध नव्हती, बटण फिरवलं की गाणं. मोबाइलला ब्लूटूथ स्पीकर जोडता येतो, हेही कबूल. पण मालक फोन घेऊन बाहेर पडला की भजन अर्ध्यावरच थांबतं.

अर्थात या स्वस्त डब्यांचं सगळंच चांगलं नाही. आवाज चिरका, आणि भोंग्याला जनावरं काही दिवसांत सरावतात. आवाज आणि जागा बदलत राहावी लागते. घेताना बॅटरी काढता येते का, तेवढं पाहून घ्या. अनेक स्वस्त रेडिओ-स्पीकरांत आजही नोकिया ११०० मधली तीच बीएल-५सी बॅटरी बसते.